तीन रात्री, आठ पतंग

एस.टी. एरंडोलला थांबते तेव्हा
मी उतरतो, दर वेळी,
आणि दर वेळी कंडक्टर घड्याळ दाखवतो.
पारोळ्यापासून एवढंच अंतर आता धरवतं.
गावाच्या नावातच एरंड;
अंजनीच्या कडेला चार-दोन झाडं आहेत अजून,
बोंडं लालसर, काटा आल्यासारखी.

एकतीस वर्षं कृषी सहायक होतो.
हिलाल आप्पा म्हणजे अळ्या मोजणारा माणूस.
एकरी दोन सापळे, पऱ्हाटीच्या वर हातभर,
नरसाळं, खाली पिशवी, पिशवीत विषाचा बोळा,
आणि मधोमध रबराची गोळी, तिला मादीचा वास.
फक्त नर यायचे.
उजेडाला नाही, कापसाला नाही,
आपल्याच रक्तातल्या हाकेला.
सकाळी पिशवी उलटी करून मोजायचे:
सलग तीन रात्री आठ-आठ पतंग, तर फवारणी.
त्याआधी नाही. शेकडो लोकांना सांगितलं हे,
बहुतेकांनी पहिल्याच सकाळी पंप पाठीवर घेतला.

आता माझे आकडे लॅबवाला मोजतो.
चार. मग साडेसहा. मग अठरा.
पुरःस्थ ग्रंथी असं भारदस्त नाव आहे तिला,
गावात नुसतं ‘खालचं’.

आधी त्यांनी माझी हाकच बंद केली:
दर तीन महिन्यांनी पोटात सुई.
छाती हुळहुळी झाली, दाढी आळसावली,
पौषातल्या मध्यरात्री अंगातून वाफा.
केवळबाई उठते, पदराने वारा घालते.
तिच्या त्या वर्षांत मी घातला नव्हता.
ती हे बोलली नाही कधी.
पंखा एकाने वाढवला फक्त.

दोन वर्षं आकडा खाली बसला, मग पुन्हा उठला.

जळगावला डॉक्टर रुबीना पिंजारी,
आजोबा बहादरपूरच्या बाजारात गाद्या भरायचे.
तिने कागदावर गोल काढला, गोलाला दारं.
“पेशीला हार्मोनची भूक असते, आप्पा.
आपण हार्मोनसारखंच काही पाठवतो,
पाठीवर विष बांधून.
दार ती आपणहून उघडते.”
मी म्हटलं, कामगंध सापळा.
तिने पेन खाली ठेवलं.
“हे मला आधी का नाही सुचलं?”

विष कुठलं, विचारलं.
निरनिराळी. पूर्वी काहींनी एरंडाच्या बीतलंही करून पाहिलं, म्हणाली.
एरंड! आईने पोटावर चोळलेला.
तेलात उतरत नाही ते, पेंडीत राहतं;
दामू लोहाराची गाय गेली होती पेंड खाऊन.

मग मी तो प्रश्न विचारला
जो बांधावर मला विचारायचे:
मित्रकिडींचं काय?
तसलीच दारं दुसऱ्या घरांना असली तर?
“असतात,” ती म्हणाली. “म्हणून तर चाचणी.”
गॅरंटी तिने दिली नाही.
मीही कधी दिली नव्हती.

सोळा पानं. प्रत्येक पानावर सही.
प्रात्यक्षिकाच्या प्लॉटसाठी मी लोकांच्या सह्या घ्यायचो,
भर उन्हात, त्यांच्याच पाठीचं टेबल करून.
आता प्लॉट मी, पाटीही मीच.
कुणी पोरगं वही घेऊन येईल,
लिहील: उगवण इतकी, मर इतकी.

परतीच्या गाडीत केवळबाई विचारते,
“इख बी पत्ता इचारी जास का हो?”
“जास. पन पत्ता खरा शे का,
ते मोजनं पडस.”
ती शेंगा सोलते. टरफलं पुडीत, दाणे माझ्या हातात.

एरंडोल.
ती मुतारीबाहेर पिशवी धरून उभी,
आत मी भिंतीशी, आकडे म्हणत.
गेल्या खेपेला बारापर्यंत जावं लागलं होतं.
आज आठ.
औषध तर अजून सुरूही नाही.
बाहेर कंडक्टर हॉर्न वाजवायला सांगतो.
एका रात्रीवर काही ठरवायचं नसतं.